दुपिकी वावरं आणि वानखडे साहेबांचा संशय

पटवाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. वावरातून चालताना पायजम्याला गोखरू चिकटतात ना, तसे ते आपोआप चिकटतात. नोकरीत असताना टोचतात, अन् रिटायर झाल्यावर अंगणात बसून एकेक काढायला बरं वाटतं! माझ्याकडं असे बरेच जमले आहेत. मी मध्य प्रदेशातल्या सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या गावांत पटवारी, म्हणजे तलाठी, होतो. काळ ऐंशीच्या दशकातला. गावांची नावं सांगत नाही, कारण त्यातले निम्मे लोक अजून मला बाजारात भेटतात.

तेव्हा आमच्याकडं एक नवीन शब्द आला होता, 'डायव्हर्शन'. वावरात घर बांधायचं, गोदाम टाकायचं, वीटभट्टी लावायची किंवा प्लॉट पाडायचे, तर आधी शेताचं बिनशेती करून घ्यायची परवानगी. अर्ज आला की पटवाऱ्यानं मोक्यावर जायचं, जमीन कशी आहे ते पाहायचं, अन् अहवाल लिहायचा. जमीन काळी, पाण्याची, वर्षात दोन पिकं देणारी असली की साहेब लोक हात आखडायचे. बरड, म्हणजे दगडगोट्याची असली की काम लवकर व्हायचं.

त्यामुळं व्हायचं काय, ज्याला प्लॉट पाडायचे त्याचं वावर अर्ज टाकताच बरड होऊन जायचं!

आमचे आर. आय. होते वानखडे साहेब. आर. आय. म्हणजे आम्हा पटवाऱ्यांच्या वरचा माणूस. हाडकुळे, उंच, अन् डोळ्यांत कायम संशय. मनगटावर घड्याळ असायचं, तरी वेळ तिघांना विचारायचे अन् मधली धरायचे! मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "गजभिये, या धंद्यात जमीन तेवढी खरं बोलते. बाकी सगळे खोटं बोलतात. उद्या तूही बोलशील. म्हणून आजपासून माझं तुझ्यावर लक्ष आहे."

मी म्हटलं, "हो जी."

"आत्ता 'हो जी' कायले म्हटलंस?" ते म्हणाले.

* * *

माझ्या हातचा पहिलाच अर्ज एका शेठचा होता. सडकेला लागून त्यानं वावर घेतलं होतं. अर्जात लिहिलं होतं की जमीन दगडी आहे, काही पिकत नाही, गोदामाची परवानगी द्यावी.

मी गेलो. शेठचा माणूस वावर दाखवायला उभाच होता. पाहतो तर खरंच, जिकडं तिकडं दगड! पाय टाकायला जागा नाही. मला शेठची दयाच आली. असं वावर कोणी याच्या गळ्यात मारलं असेल? मी तिथंच सायकलच्या कॅरिअरवर कागद ठेवला आणि 'बरड' असं लिहायला घेतलं.

तेवढ्यात मागून वानखडे साहेबांची सायकल आली. मला न सांगता आले होते. सोबत धनाजी कोटवार. कोटवार म्हणजे गावातला सरकारी माणूस, दवंडी देणारा, हद्दी ओळखणारा. धनाजीची तिसरी पिढी त्या कामात होती.

साहेबांनी माझ्या हातातला कागद पाहिला. खाली वाकले आणि पायाजवळचा एक दगड उचलला. मग दुसरा. मग तिसरा.

"गजभिये, इकडं ये. दगडाखाली काय दिसतं?"

मी वाकून पाहिलं. "गवत आहे, साहेब."

"कसं आहे?"

"हिरवं."

"वर्षानुवर्षं पडलेल्या दगडाखाली हिरवं गवत राहतं?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. साहेबांनी धनाजीला हाक मारली. "कारे धनाजी, मागच्या साली इथं काय होतं?"

"भुईमूग होता, साहेब. त्याच्या आंधी गहू."

"मग हे दगड काय परवा-तेरवा उगवले?"

धनाजीनं आभाळाकडं पाहिलं, मग शेठच्या माणसाकडं पाहिलं, अन् हात जोडून म्हणाला, "काय सांगावं साहेब, औंदा पाऊस लय चांगला झाला ना!"

* * *

दुसरा किस्सा याच्या उलटा आहे. पहिल्यात लोक मला फसवत होते, यात मी कोणाला फसवलं नाही तरी सारं गाव माझ्यावर संशय घेऊन बसलं.

बोरगावकडं कारखाने येणार अशी तेव्हा नुसती हवा होती. कुठं येणार, किती येणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. अशात मी एका गावात एका बांधाचं भांडण सोडवायला मोजणीची लोखंडी साखळी, म्हणजे जरीब, घेऊन गेलो. दोन भावांमधला बांध होता. अर्ध्या दिवसाचं काम.

पण जरीब पाहिली अन् गावात बातमी फुटली, "पटवारी कारखान्यासाठी जमीन मोजून राहिला!" दुपारपर्यंत तिला शेपूट फुटलं, "रिकामी वावरं आंधी घेऊन राहिले!"

मी दुपारी पाटलाच्या ओट्यावर पाणी मागितलं. पाटलीणबाईनं पाणी दिलं, पण गडवा, म्हणजे तांब्या, हातात देताना माझ्याकडं असं पाहिलं की मी अर्धंच पाणी पिऊन उठलो. सीतारामबाबा नावाचे एक म्हातारे होते. ते तर माझ्या मागं मागं चालत होते. मी थांबलो की थांबायचे. मी विचारलं, "बाबा, काय पाहिजे?"

"काही नाई. तू चाल."

"मग मागं काऊन येऊन राहिले?"

"तू कोठी कोठी थांबतं, ते पाहून राहिलो."

पंधरा दिवसांनी मी पिकांची नोंद करायला त्याच गावात गेलो, अन् चाटच पडलो. गावात रिकामी म्हणून एक पट्टी उरली नव्हती! पडीक वावरं नांगरली होती. बांधाच्या कडेला तूर टोचली होती. नाल्याच्या काठावर ज्वारी. सीतारामबाबांनी तर घरामागचं गुरांचं आवारही पेरलं होतं, अन् गुरं दारात बांधली होती. मला पाहून काठी आपटून म्हणाले, "घे! लिहून घे! अठी रिकामं काहीच नाई!"

मी जे होतं ते लिहिलं. कागद वर गेले. महिनाभरानं वरून पत्र आलं, तुमच्याकडं पेऱ्याखालची जमीन एकदम वाढलेली दिसते, कारण कळवा.

वानखडे साहेबांचा पहिला संशय माझ्यावर. त्यांना वाटलं मी ओट्यावर बसून आकडे फुगवले. दुसऱ्या दिवशी स्वतः गेले, सारं शिवार पायी फिरले, सीतारामबाबांचं आवारही पाहिलं. परत आले तेव्हा धोतरावर चिखल अन् चेहऱ्यावर कोडं.

"साहेब, उत्तर काय लिहू?" मी विचारलं. "जरीब फिरवल्यामुळं पेरा वाढला, असं लिहू का?"

"खबरदार!" साहेब ओरडले. "असं लिहिलंस तर पुढच्या साली साऱ्या जिल्ह्यात जरीब फिरवायला लावतील! लिही, पाऊसपाणी समाधानकारक!"

त्या वर्षी मात्र त्या गावातून लोधीखेड्याच्या बाजारात गाडीगाडीनं ज्वारी गेली. भीतीनं का होईना, पिकली!

* * *

आमच्या नायब तहसीलदार साहेबांचं नाव तिवारी. ते जबलपूरकडचे. स्वभावानं भोळे, चांगले. वऱ्हाडी त्यांना कळायची नाही, पण ते कळल्यासारखं हसायचे, त्यामुळं लोकांना वाटायचं की साहेब राजी झाले.

एकदा एका अर्जाच्या पाहणीला तेच आले. अर्जात लिहिलं होतं, 'शेतात सिंचनाचे साधन नाही.' म्हणजे विहीर नाही. विहीर नाही म्हणजे एकच पीक, अन् एकच पीक म्हणजे परवानगीला अडचण कमी.

वानखडे साहेब अन् धनाजीही सोबत होते. आम्ही गेलो. जमीन काळी, पण विहीर खरंच दिसेना. मधोमध कडब्याची मोठी गंजी रचलेली होती. मालक हात जोडून उभा. तिवारी साहेबांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है भाई, कुआँ तो नहीं है. लिखो गजभिये."

मी कागदांचा बस्ता उघडला. पण वानखडे साहेब गंजीकडं पाहत उभे होते.

"गंजी वावराच्या मधात कायले रचली जी?" त्यांनी मालकाला विचारलं. "लोक तर कोठ्याजवळ रचतात."

"सावलीले बरी पडते, साहेब," मालक म्हणाला.

"कोणाला?"

"गुरायले."

"गुरं कुठं आहेत?"

"सावलीत गेली!"

साहेबांनी धनाजीला खूण केली. धनाजीनं कुऱ्हाडीचा दांडा घेऊन गंजीवर दोन-तीन दणके हाणले.

फडफड फडफड करत गंजीच्या बुडातून पारवे उडाले! एक नाही, दोन नाही, पंधरा-वीस! तिवारी साहेब दोन पावलं मागं सरकले.

आमच्याकडं पारवे कुठं राहतात, हे कोणालाही विचारा. विहिरीच्या कपारीत. धनाजीनं कडबा उपसला. खाली फळ्या, अन् फळ्यांखाली बांधीव विहीर, गार पाण्यानं भरलेली!

तिवारी साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता मालकावर ओरडतील. पण ते बराच वेळ विहिरीत वाकून पाहत राहिले. मग मान वर करून मला म्हणाले, "गजभिये, पंचनामे में कबूतर का बयान भी लिखो. यहाँ वही एक गवाह है जो सच बोला!"

* * *

वानखडे साहेबांना सफारी घातलेल्या माणसांचा विशेष संशय. नागपूरकडचे लोक तेव्हा वावरं पाहायला येत. साहेब म्हणायचे, "सफारी, चकचकीत बूट अन् बगलेत पेपर, म्हणजे पार्टी!"

एकदा आम्ही दोघं तिगाव स्टेशनवर पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत होतो. पॅसेंजरमधून एक गृहस्थ उतरला. सफारी. बूट. बगलेत पेपर. स्टेशनाबाहेर येऊन तो थेट सडकेच्या वावराकडं गेला, वाकला, मूठभर माती उचलली अन् तिचा वास घेतला!

"पार्टी आली!" साहेब पुटपुटले. आमची गाडी राहिली बाजूला. आम्ही त्याच्या मागं निघालो.

तो गृहस्थ एका वावरातून दुसऱ्या वावरात. भेटेल त्याला विचारायचा, "हे किती एकर? पाणी आहे का? संत्रा लावला की ज्वारी?" आम्ही बाभळीच्या आडोशानं मागं मागं. ऊन डोक्यावर आलं. साहेबांची टोपी घामानं भिजली, पण संशय काही सुकला नाही.

शेवटी तो एका पाराजवळ बसला. साहेब तरातरा गेले आणि समोर उभे राहिले. "कोण तुम्ही? कोणासाठी वावरं पाहून राहिले?"

गृहस्थ दचकून उठला. "पोरीसाठी, जी."

"पोरीच्या नावानं घेणार?"

"घ्यायचं नाई हो! द्यायचं आहे! पोरगी द्यायची आहे. या गावचं स्थळ सांगून आलं. पोराकडले म्हणतात, दहा एकर काळी आहे, पाण्याची. म्हटलं, कोणाला न सांगता आधी पाहून यावं. आजकाल कोणाचा भरोसा हाये काय?"

वानखडे साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा जोडीचा माणूस भेटला होता! तरी ते हार मानणारे नव्हते. म्हणाले, "वावर पाहून पोरगी देता? पोरगा पाहा. शिकलेला आहे का, नोकरी आहे का. सडकेला लागून जागा असेल तर प्लॉट पाडून श्रीमंतही होईल."

गृहस्थानं पेपर बगलेतून काढला, झटकला, अन् साहेबांकडं खालीवर पाहत म्हणाला, "अन् साहेब, माही पोरगी जेवायला बसल्यावर ताटात काय घेईन? प्लॉट?"

* * *

हा किस्सा माझ्या घरातला आहे. तो मी फारसा सांगत नाही.

माझी माय शेतमजूर होती. मी पटवारी झालो तरी तिनं दुसऱ्याच्या वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला, जाणं सोडलं नाही. म्हणायची, "तुही नोकरी सरकार देते, उद्या काढून घेईन. माहा इळा माहा हाये." इळा म्हणजे विळा. आमच्या वस्तीतली सगळी घरं बौद्धांची, अन् सगळ्यांचं पोट नाल्याकाठच्या वावरांवर. तिथं काम केलं की सुगीला मजुरी ज्वारीत मिळायची. ती ज्वारी कोठीत पडली की पावसाळ्यापर्यंत चिंता नसायची. राशनच्या दुकानात धान्य यायचं, पण कधी यायचं, कधी नाही. अन् आलं तरी त्यात खडे किती, हे मायच्या सुपाला विचारा.

त्याच नाल्याकाठची वावरं एका पार्टीनं घेतली आणि डायव्हर्शनचा अर्ज टाकला. अहवाल लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी अजून लिहिला नव्हता. खरं सांगतो, माझ्यावर दाब होता. तिकडून माणसं येऊन बसायची, गोड बोलायची. माझं मन थोडं हललं होतं, हेही खरं.

एका संध्याकाळी घरी आलो तर दारात एक पोतं. आत ज्वारी. पांढरी शुभ्र, टपोरी, मोत्यासारखी.

माय चुलीसमोर बसली होती. भाकरी थापत नव्हती. नुसती बसली होती.

"हे कोणी आणलं?" मी विचारलं.

"गाडीवाला टाकून गेला. म्हणे, पटवारी साहेबायसाठी."

तिनं पोत्यातून मूठभर दाणे काढले, तळहातावर चोळले, फुंकर मारली, वास घेतला. एक दाणा दाताखाली फोडला.

"हे नाल्याकाठची हाये," ती म्हणाली.

"ज्वारी ज्वारीसारखी असते, माय. तुला कसं कळलं?"

"म्या निंदली नाई का? म्या कापली नाई का?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "औंदा हे माह्या मजुरीत यायची होती. मालक म्हणाले, वावर इकलं, आता कायची मजुरी. अन् तेच ज्वारी तुह्या दारात आणून टाकली. काऊन टाकली रे?"

मग तिनंच विचारलं, "तू काय लिहून देऊन राहिला त्याईले?"

"अजून काही नाही लिहिलं."

"बरं," ती उठली. "आजची भाकर राशनच्या पिठाची हाये. खडा लागला तं चावून खाजो. पण ह्या पोत्यातल्या एका दाण्याले हात लावला, तं मी तुह्या घरात राहणार नाई."

दुसऱ्या दिवशी पोतं परत गेलं. मी अहवाल लिहिला, काळी जमीन, नाल्याचं पाणी, दोन पिकं, परवानगी देऊ नये. वानखडे साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हे तू स्वतः लिहिलंस की कोणी लिहायला लावलं?"

मी म्हटलं, "लिहायला लावलं, साहेब."

"कोणी?"

"मायनं."

साहेबांनी सही केली. त्यांनी त्या दिवशी मला आणखी काही विचारलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाकडून एवढं खूप झालं!

* * *

पण आमच्या दोघांच्या सह्यांनी काय होतं? कागद वर गेला, वर कुठं फिरला देव जाणे, अन् परवानगी झाली. नाल्याकाठच्या वावरात पांढरे चुन्याचे दगड रोवून प्लॉट पडले. वस्तीतली माणसं कामासाठी लांबच्या गावांना जाऊ लागली. प्लॉट मात्र नुसते पडून. घर कोणीच बांधेना. भाव वाढायची वाट पाहत होते सगळे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं आणि एक रिटायर मास्तर, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो, धापा टाकत आले. "माझ्या प्लॉटवर कोणीतरी पेरून ठेवलं आहे!"

आम्ही जाऊन पाहिलं. गुरुजींच्याच नाही, सगळ्याच प्लॉटवर! चुन्याचे दगड जागच्या जागी, अन् त्यांच्या आजूबाजूनं सरळ तासांत गव्हाचे हिरवे कोंब. बिनपाण्याचा गहू. काळ्या मातीतल्या ओलीवर येणारा. दिवाळीच्या आठ दिवसांत सगळे आपापल्या घरी असताना कोणीतरी पेरून गेलं होतं.

"कोणी पेरलं?" वानखडे साहेबांनी साऱ्या गावाला विचारलं. जुना मालक म्हणाला, "मी तं इकून बसलो." धनाजी म्हणाला, "मी दिवाळीले सासरी होतो." वस्तीत विचारलं तर सगळे एकमेकांकडं पाहायचे. कोणाला काहीच ठाऊक नाही!

तिवारी साहेबांनी हुकूम दिला, चौकशी करा, अन् तोवर पिकाला कोणी हात लावायचा नाही. चौकशी वानखडे साहेबांकडं. थंडीभर ते चौकशी करत राहिले, अन् थंडीभर गहू वाढत राहिला. मावठ्याचे दोन चांगले पाऊस झाले. गुरुजी रोज संध्याकाळी येऊन बांधावर बसू लागले. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, तक्रार तुमचीच होती. नांगर फिरवून देऊ का?"

गुरुजी एकदम खवळले. "वेडा झालास का! ओंब्या भरल्या आहेत! घर बांधायचं तेव्हा बांधीन, पण उभ्या गव्हात पाया खोदू देणार नाही!"

फाल्गुनात गहू पिवळा झाला. मालक सापडला नाही, म्हणून लिलावाचं ठरलं. दिवस ठरला धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाचा. आम्ही सकाळी पोचलो, तिवारी साहेब, वानखडे साहेब, मी, धनाजी. पाहतो तर वावर साफ! नुसती धसकटं! साऱ्या गावानं रंग खेळला त्या दिवशी कोणीतरी सगळा गहू कापून नेला होता.

अन् वस्तीत प्रत्येक घराच्या दारात पेंढ्या! सारख्या वाटलेल्या. गुरुजींच्या दारातही एक मोळी टेकवून ठेवलेली होती, अन् गुरुजी तिच्यासमोर खुर्ची टाकून पहारा देत बसले होते!

"ये गट्ठर कौन लाया?" तिवारी साहेबांनी पेंढ्यांकडं बोट दाखवून विचारलं.

"सकाळी उठलो तं दारात होत्या, साहेब," सगळ्यांचं एकच उत्तर.

तिवारी साहेबांना सुचलं. "एक दिन में इतना गेहूँ काटा है तो हाथ बता देंगे. सबके हाथ देखो!"

वस्ती रांगेत उभी राहिली. माणसं, बाया, म्हातारे. तिवारी साहेब एकेक हात पाहत चालले. माझी माय सातवी-आठवी होती. तिनंही दोन्ही हात पुढं केले. घट्टे पडलेले, चामड्यासारखे. शेजारच्या बाईचेही तसेच. त्याच्या पुढच्या माणसाचेही तसेच.

"सबके हाथ एक जैसे हैं!" तिवारी साहेब वैतागले.

मायनं मान वर केली. "साहेब, हे हात पाहून काय कळन तुम्हाले? आमच्या हाताले आता इळ्याचे फोड येत नाई. फोड आला असन तं त्याच्या हाताले, ज्याची सवय सुटली."

मी हिंदीत सांगितलं. तिवारी साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी माझे हात पाहिले. शाईचे डाग होते. धनाजीचे पाहिले. गुरुजींचे पाहिले. कुठंच काही नाही.

"चलो," ते शेवटी म्हणाले. "पंचनामा कर दो, फसल ले जाने वाला अज्ञात."

मी पंचनामा लिहिला. पंचांनी अंगठे उठवले. मग कागद वानखडे साहेबांपुढं धरला. साहेब सकाळपासून कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. त्यांनी कागद नीट वाचला. मला म्हणाले, "घट्ट धर, हलवू नको."

अन् उजवा हात खिशातून न काढता त्यांनी डाव्या हातानं सही केली.